गुलाबी मुठींच्या काड्या

…आणि वर बिल्डिंगवाले मलाच विचारायचे, "काय उस्ताद, झोप लागते ना?" आता काय सांगायचं अशा माणसाला? लागते हो झोप! का लागू नये? मी काय कुणाचं घर फोडलंय? पण नाही, जिन्यात भेटले की विचारायचं, लिफ्टमध्ये भेटले की विचारायचं, आणि विचारता विचारता दुसऱ्या हातानं स्वतःचा खिसा हळूच चाचपून बघायचा… तुम्हाला सांगतो, खऱ्या चोराला एवढा ताप होत नसेल. त्याला निदान काहीतरी मिळालेलं तरी असतं! मला काय मिळालं? उस्ताद ही पदवी. तीही ह्यांनीच दिलेली.

मुळात मी काड्या बनवतो, कुलपं उघडत नाही. किती सोपं वाक्य आहे की नाही? कुणालाही कळावं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ.

आता काड्या म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही खिसे चाचपायला लागाल. काड्या म्हणजे पोलादाच्या बारीक पट्ट्या. टोकाला जरा बाक दिलेला, एखादीला लाट दिलेली. किल्ली नसताना कुलूप उघडायला वापरतात. दचकू नका, हा छंद आहे. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आपली आपण कुलपं विकत आणतात, उघडतात, लावतात, परत उघडतात, आणि त्यांचे कडक नियम असतात. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, मग ते स्वतःच्या घराचं का असेना, त्यालाही नाही. देवळात पाळत नाहीत एवढं सोवळं ह्यात पाळतात! पण लोकांना नुसती काडी दिसते, नियम दिसत नाहीत.

मला हा नाद लागला कामामुळे. मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, आम्ही त्यावर मेण चढवायचं, दात बसवायचे, मग हिरड्या, मग दिवसभर घासायचं. हे घास, ते घास, सुळा जरा कमी कर, दाढ जरा बसकी कर. आयुष्यभर लोकांचे दात घासले हो मी, आणि तेही त्यांच्या तोंडाबाहेर! तर हाताला घासायची सवय. एक दिवस कामावरून येताना गॅरेजसमोर गाडीचा मोडका वायपर पडलेला दिसला. त्याच्या रबरात एक पातळ पट्टी असते, ठाऊक आहे का? नसेलच ठाऊक. मी ती ओढून काढली, वाकवली, सोडली… टण्णकन सरळ! अहो, असलं पोलाद रस्त्यावर टाकून देतात? घरी आणलं.

मग काय विचारता… पेन्सिलीनं आकार काढायचा, कानस घ्यायची, आणि घासायचं, पण हळू, दर चार हातांनी पाण्यात बुडवायचं, कारण घाई केली आणि पट्टी तापून निळी पडली, की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. मग ती काडी कुलपात गेल्या गेल्या मान टाकते. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग इतका बारीक की कागद आहे का रेशीम कळू नये. आणि मूठ? मूठ माझी स्वतःची कल्पना. लॅबमध्ये हिरड्यांचं गुलाबी प्लॅस्टिक उरतं, त्याची मूठ. हातात कशी गच्च बसते! फक्त दिसते जरा… म्हणजे काडीला हिरडी फुटल्यासारखी दिसते. आमची ही, म्हणजे बायको, पहिली काडी बघून म्हणाली होती, "काड्या करायची सवय तुम्हाला होतीच, आता बनवायलाही लागलात."

पण मनातून तिला कौतुक होतं. आणि तिथेच घोळ आहे. कारण खरी गोष्ट अशी, आणि ही मी घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो… मला कुलूप उघडता येत नाही! हसा, हसून घ्या. काडी अशी करतो की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं, पण उघडायचं म्हटलं की बोंब. आत पिना असतात. त्या बोटाला कळल्या पाहिजेत म्हणतात. मला काही म्हणजे काही कळत नाही! बुटांच्या खोक्यात माझी कुलपं आहेत, रोज एकेकाला घेऊन बसतो, कान लावतो, डोळे मिटतो, आणि ते आपलं ढिम्म. ज्याला साधा भात येत नाही त्यानं घरभर पातेली जमवावीत, तसा मी. पण मला त्याचं दुःख नव्हतं. मी काड्या बनवतो, कुलपं उघडत नाही. तबला बनवणारा काय वाजवतोच का?

आता ह्या काड्यांचं बिल्डिंगला कसं कळलं, तर माझाच मूर्खपणा. मुठी वाळायला म्हणून मी काड्या गॅलरीत पेपरवर मांडल्या. वरून विमावाल्यांनी बघितलं. विमावाले म्हणजे आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमधले, विम्याचं काम करतात, त्यामुळे ह्यांना जगात सगळीकडे संकटंच दिसतात. त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी खाली पार्किंगमध्ये चारचौघांत म्हणाले, "काय उस्ताद, कुठलंही कुलूप उघडता म्हणे?" आणि मी… मी नुसता हसलो. बस. एवढंच केलं. आता हसणं म्हणजे हो असतं का? असतं म्हणे! त्या दिवसापासून मी उस्ताद. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. कवळीवाल्याला कोण उस्ताद म्हणतो हो? कवळी चांगली झाली तर माणूस डॉक्टरचं नाव घेतो, आणि टोचली तर आमचं.

ह्यात आमच्या हिचं काय ते ऐका, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांना अख्ख्या बिल्डिंगच्या जादा किल्ल्या. कुणी गावाला गेलं, झाडांना पाणी घालायला ही. कुणाचा नळवाला येणार, दार उघडून बसायला ही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्वतःची किल्ली आत विसरून बाहेर पडतात, ते तर येताना बेलसुद्धा वाजवत नाहीत, नुसते दारात उभे राहून खोकतात, की ही किल्ली घेऊन हजर. इतकी वर्षं, पण कुणाच्या घरातली सुई इकडची तिकडे झाली नाही. लोकांच्या भिंतीवर पदव्या असतात ना फ्रेम केलेल्या, हिची ती फळी होती. पाहुणे आले की मुद्दाम दाराजवळ उभी राहून बोलायची.

आणि मग विमावाल्यांचं घड्याळ गेलं. त्यांच्या वडिलांचं. कपाटात होतं म्हणे, आता नाही. दार फुटलेलं नाही, कडी तुटलेली नाही, कुलूप जसंच्या तसं. झालं! विमावाले खाली आले, माझ्याकडे बघितलं, आणि सेक्रेटरींना म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही." अहो, नाव घ्या की! नाव घेतलं तर माणसाला भांडता तरी येतं!

सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. विषय काय, तर 'सुरक्षा'. सगळे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, आपल्यातच काही लोकांकडे काही विशेष कला आहेत, त्याचा कुणी गैरअर्थ काढू नये, पण अर्थ काढायला हरकत नाही. मी म्हटलं, अहो, मी काड्या बनवतो, कुलपं उघडत नाही. तर विमावाले म्हणतात, "चोराच्या मनात चांदणं. कुलपाचा विषय तुम्हीच काढलात."

आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे मी जे बोललो ना, ते आठवलं की अजून तोंडात मारून घ्यावीशी वाटते. मला वाटलं होतं असा मुद्दा काढतो की सगळे गप्प. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, मला चोरी करायची असती तर काड्या कशाला लागल्या असत्या? तुमची किल्ली माझ्याच घरात टांगलेली आहे! तुमचीच काय, सगळ्यांची आहे! मी कधीही कुणाच्याही घरात जाऊ शकतो!"

गप्प झाले खरे. सगळे. मी बिनतोड बोललो म्हणून विजयानं इकडे तिकडे बघतोय, आणि एकेकाच्या तोंडावरचा रंग उतरत चाललाय. तोपर्यंत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं हो! संशय होता एका काडीवर, तो मी स्वतःच्या हातानं उचलून बायकोच्या फळीवर नेऊन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिच्याकडे बघितलं, तर ही जमिनीकडे बघत होती.

घरी येईपर्यंत बेल वाजायला सुरुवात. सगळ्यांत आधी तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी. "अगं, माझी बहीण यायचीय, तिला लागेल ना किल्ली, म्हणून हं, दुसरं काही नाही." बहीण! जिच्याशी ह्या बोलत नाहीत ती! मग सेक्रेटरी. "व्यक्तिशः माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण पदावरच्या माणसाला उदाहरण घालून द्यावं लागतं." मग समोरच्या मास्तरीणबाई, किल्लीचं माप घ्यायचंय म्हणून. आणि आजोबा… आजोबांना बिचाऱ्यांना कारणच सुचेना. दारात उभे राहिले, खोकले, सवयीनं हिनं किल्ली आणून हातात दिली, तर म्हणाले, "नाही, आता घर उघडायला नको आहे. जरा… किल्लीला ऊन दाखवीन म्हणतो." ऊन? किल्लीला? त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटलं, पण किल्ली घेऊन गेले.

आणि हिनं? प्रत्येकाला हसून किल्ली दिली, वर 'बसा ना जरा' म्हणाली. बसतंय कोण! सगळे गेल्यावर फडकं घेतलं आणि ती फळी पुसली, एकेक खिळा पुसला. मी म्हटलं, अगं, ओरड तरी माझ्यावर. तर म्हणाली, "तुमची चूक काय, तुम्ही खरं तेच बोललात." ओरडली असती तर बरं झालं असतं हो. मी दोन दिवस कानस हातात धरली नाही. मी काड्या बनवतो, कुलपं उघडत नाही, हे तेव्हा मी स्वतःलाच सांगत होतो, आणि मलाच पटत नव्हतं.

मग आला रविवार. सकाळची वेळ, हिनं गॅसवर बटाटे उकडायला ठेवलेले, मी जरा धीर करून एका नव्या काडीला पॉलिश करत बसलेलो, आणि बेल. विमावहिनी! आता त्यांची किल्ली तर त्या आधीच घेऊन गेल्या होत्या, मग आता काय? तर आमची एक जादा किल्ली त्यांच्याकडे असायची, ती परत करायला आल्या होत्या. "घ्या बाई तुमचीही. उद्या तुमच्याकडे काही इकडचं तिकडे झालं तर नाव आमच्यावर यायचं."

बघा म्हणजे! हिनं किल्ली घेतली, आत आली, रिकाम्या फळीवर मधल्या खिळ्याला अडकवली, क्षणभर तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम वर आलं म्हणा ना, तरातरा बाहेर! वहिनी अर्धा जिना चढलेल्या, ही त्यांच्यामागे, मी हिच्यामागे, बनियनवर, हातात काडी, 'अगं राहू दे, अगं राहू दे' करत… आणि गॅलरीतून वारा आला, आणि दार धाडकन बंद! आमचं दार लॅचचं. ओढलं गेलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. माझी किल्ली आत, हिची किल्ली आत, आणि जी तिसरी किल्ली आजवर वरच्या मजल्यावर सुखरूप असायची, ती मिनिटभरापूर्वी आत टांगलेली. आणि गॅसवर बटाटे.

भांडण जागच्या जागी थांबलं. दार आपटल्याच्या आवाजानं सगळे बाहेर. सेक्रेटरींनी लगेच किल्लीवाल्याला फोन लावला, तो म्हणाला दुसऱ्या कामावर आहे, निघतोच. निघतोच म्हणजे कधी, ते त्यालाच ठाऊक. आणि मग आमची ही माझ्याकडे वळली, आणि मीठ द्या म्हणावं इतक्या सहज म्हणाली, "अहो, उघडा ना. बटाटे लागतील."

तुम्हाला सांगतो, अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्या कलेवर निखळ विश्वास असलेलं ते एकच माणूस, आणि तो विश्वास साफ चुकीचा! हातात काडी होती. कुलूप फिरवायला दुसरी एक वाकडी पट्टी लागते, ती माझ्या पँटच्या खिशात कायम असते. म्हणजे हत्यार नाही म्हणायचीही सोय नाही. आणि आजूबाजूला सगळे जिन्यात पायरी पायरी धरून उभे, लग्नाच्या फोटोसारखे. नियम आठवला, वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. पण बायकोला नियम सांगू? बटाट्यांना सांगू? बरं, उघडलं तर मी चोर, तिथल्या तिथे, सगळ्यांच्या साक्षीनं. नाही उघडलं तर इतकी वर्षं हिच्यासमोर मिरवलं ते काय? आगीतून निघायचं म्हटलं तरी पुढे फुफाटाच!

बसलो गुडघ्यावर. पट्टी लावली, काडी आत घातली. विमावाले माझ्या मानेवर श्वास सोडतायत. मी म्हटलं, आता दहा मिनिटं खुडबुड करायची, नेहमीसारखं काही होणार नाही, किल्लीवाला येईल, झालं. आणि… कसं सांगू? बोटाला काहीतरी लागलं. बारीक. मग त्याच्या पुढचं लागलं. अहो, पिना! इतकी वर्षं ज्यांनी मला ओळख दिली नाही त्या एकेक करून कळायला लागल्या! भीतीनं हात हलका झाला होता, का ती काडीच तशी उतरली होती, देव जाणे. कानात माझंच रक्त वाजतंय, आणि हाताखाली ते कुलूप केसभर, अगदी केसभर फिरलं. उघडलं होतं हो! आता फक्त बोटानं जरा रेटायचं, की दार उघडं. मला ओरडावंसं वाटलं. नाचावंसं वाटलं.

मी हिला सांगायला मान वर केली. तर ही कुलपाकडे बघतच नव्हती. ती वहिनींकडे बघत होती, मावशींकडे बघत होती, आजोबांकडे बघत होती. एकेकाच्या तोंडाकडे. आणि मावशींनी हाताची मूठ अशी घट्ट आवळलेली, आत किल्ली असणार. तेव्हा मला कळलं की मी हे दार उघडलं तर आमच्या फळीवर परत एकही किल्ली यायची नाही. ह्या जन्मात नाही. करपल्याचा वास यायला लागला होता. खालून कुणीतरी ओरडलं, "आला, किल्लीवाला आला!"

मी बोट सैल सोडलं. आत सगळं हळूच होतं तसं जाऊन बसलं, ते मला एकट्याला कळलं. काडी बाहेर काढली, उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही जमत."

जिन्यातून असा सुस्कारा निघाला म्हणता! सेक्रेटरींनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. "अहो उस्ताद, स्वतःचं दार उघडता येत नाही तुम्हाला? मग दुसऱ्याचं काय उघडणार!" सगळे हसले, मीही हसलो. मी म्हटलं ना, मी काड्या बनवतो, कुलपं उघडत नाही… आणि ते वाक्य पहिल्यांदाच सगळ्यांना पटलं, नेमकं ते खोटं झालं तेव्हा! किल्लीवाला आला, त्यानं दार उघडलं, बटाट्यांचा कोळसा झाला होता, पातेलं टाकावं लागलं. हिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. ते बघणं मी इथे करून दाखवणार नाही.

संध्याकाळी मावशी आल्या. बहिणीचा बेत रद्द झाला म्हणे. मग मास्तरीणबाई, माप घेऊन झालं म्हणे. सेक्रेटरी उदाहरण परत घेऊन आले. आजोबा आले, खोकले, किल्ली पुढे केली, मी म्हटलं, दाखवलं का ऊन? विमावहिनी सगळ्यांत शेवटी आल्या, आणि त्यांनी तर दाराची आणि वर कपाटाचीही किल्ली दिली. फळी भरली. आमची ही परत दाराजवळ उभी राहून बोलायला लागली.

आणि घड्याळ? सापडलं की! विमावाल्यांनीच पट्टा बदलायला घड्याळवाल्याकडे टाकलं होतं आणि विसरले होते. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला, घेऊन जा म्हणून. म्हणजे तो फोन चार दिवस आधी आला असता तर… जाऊ दे. कुणाला सांगणार? हिला सांगितलं तर म्हणेल, "आता काय, काहीही बोलाल." आयुष्यात एकच कुलूप उघडलं मी, ते माझं मीच परत लावलं. आणि आता बायको दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगते, "ठेवा हो किल्ली बिनधास्त, ह्यांना काहीसुद्धा येत नाही."

मी आतून म्हणतो, ठेवा, ठेवा.